अपिलाची मुदत आणि जमिनीचें मोल

सरकारनें सार्वजनिक कामासाठीं जमीन घेतली म्हणजे मालकाच्या हातीं दोनच गोष्टी उरतात : कलेक्टरनें ठरविलेली रक्कम, आणि त्या रकमेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क. हा हक्क मुदतीनें बांधलेला असतो, हें पुष्कळांना मुदत टळल्यावरच कळतें.

१८९४ चा भूमिसंपादन कायदा २०१३ सालपर्यंत चालू होता. त्याप्रमाणें निवाड्याच्या वेळीं मालक हजर असल्यास त्याला सहा आठवड्यांची मुदत होती. नसल्यास नोटिशीपासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकीं जें आधीं संपेल तें. पण निवाड्यावर कचेरींत सही झाली आणि गांवीं कोणास वार्ताही नाहीं, तर हे सहा महिने कोठून मोजावयाचे ? १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, निवाडा हा मालकापुढें ठेवलेला देकार होय; तो त्यास कळला, किंवा कळावा अशी स्थिति झाली, तेव्हांपासूनच मुदत धरावी. न कळलेल्या देकारास नकार तरी कोण आणि कसा देणार ?

न्यायालयाच्या निर्णयावर वर अपील करावयाचें, तर तेथें १९६३ चा मुदतीचा कायदा येतो. निकालाचा दिवस आणि नक्कल मिळण्यास लागलेला अवधि त्यांत वगळतात. शेवटच्या दिवशीं न्यायालय बंद असल्यास तें उघडेल त्या दिवशीं अपील चालतें. त्याउपरही उशीर झालाच, तर पुरेसें कारण दाखवून क्षमा मागतां येते.

या क्षमेची खरी कसोटी लागली ती काश्मीरांतील अनंतनागच्या प्रकरणांत. एक कनाळ म्हणजे एकराचा आठवा हिस्सा, आपल्या हिशेबानें पांच गुंठे. तेथील जमिनीचा भाव न्यायालयानें कनाळास एक हजारावरून आठ हजारांवर नेला, आणि सरकारवर सुमारें १४ लाखांचा बोजा वाढला. मोल कसें ठरवावें हा महत्त्वाचा प्रश्न त्यांत होता; पण सरकारचें अपील अवघे चार दिवस उशिरा आलें, म्हणून उच्च न्यायालयानें तें फेटाळलें. १९ फेब्रुवारी १९८७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द केला. उशीर करून कोणाही पक्षकाराचा लाभ होत नाहीं. क्षमा केल्यास फार तर वादाचा निर्णय गुणावगुणांवर होईल, असें न्यायमूर्तींचें म्हणणें होतें. प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा, तर प्रत्येक तासाचा आणि क्षणाचा कां नको, असा मार्मिक प्रश्नही त्यांनीं केला. चार दिवसांचा हिशेब मागतांना १४ लाखांचा वाद न ऐकतांच सोडणें हा न्यायाचा व्यवहार म्हणवत नाहीं.

तथापि हें औदार्य सरकारनें गृहीत धरूं नये. २०१२ सालीं टपालखात्याचीं अपिलें ४२७ दिवस उशिरा आलीं, तीं न्यायालयानें घेतलीं नाहींत. (तो वाद जमिनीचा नव्हता, पण तत्त्व तेंच.) कचेरींतून कागद हळूं फिरतो, ही सबब पुरेशी ठरली नाहीं. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्यापाशीं वकिलांचें खातें नसतें. हरियाणांतील कांहीं जमीनमालकांचा उशीर २०१४ सालीं न्यायालयानें माफ केला. मात्र उशिराच्या काळाचें व्याज त्यांस दिलें नाहीं. ही तोड उत्तम होय : भाव मिळाला, आणि दिरंगाईचा भुर्दंड समोरच्या पक्षावर पडला नाहीं.

ज्यानें मुळींच दाद मागितली नाहीं, त्याच्यासाठीं १९८४ च्या दुरुस्तीनें एक सोय केली, आणि ती २०१३ च्या कायद्यांतही राहिली आहे. त्याच अधिसूचनेखालीं गेलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीस न्यायालयानें अधिक भाव दिला, तर तीन महिन्यांत अर्ज करून यालाही तो मागतां येतो. पण हे तीन महिने शेजाऱ्याच्या निवाड्याच्या दिवसापासून सुरू होतात, तो कळल्यापासून नव्हे, असें १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. आणि शेजाऱ्याच्या दाव्याची नोटीस याच्या घरीं येत नाहीं.