आमच्या टेबलावर पॅसेंजरच धावते

आजचा एपिसोड कानात घालून लोकलमध्ये उभे असाल, तर उत्तमच. कारण आजचा विषय रेल्वेचाच आहे. फक्त ही रेल्वे खऱ्या रेल्वेच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी आहे.

हो, मॉडेल रेल्वे! गेल्या महिन्यात मी जाता जाता म्हणाले होते, की माझ्या घरी आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एक लेआउट आहे आणि त्यावर मी फक्त पॅसेंजर गाड्या चालवते. त्यावर एवढ्या व्हॉइस नोट्स आल्या! निम्म्या जणांचं म्हणणं एकच, ‘ताई, खरी मजा मालगाडीत आहे, तुम्हाला कळलंच नाही.’ तर आज त्याचं उत्तर.

आधी मालगाडीवाल्यांची बाजू नीट मांडते. कारण ती भक्कम आहे.

या छंदात सगळ्यात जास्त चालणारा स्केल म्हणजे एचओ, एकास सत्त्याऐंशी. आता आपला निळा आयसीएफ डबा घ्या. खरा डबा साधारण २१.३ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. नवा एलएचबी डबा तर सत्तावीस सेंटिमीटर. आणि कोळशाची बॉक्सएन वाघीण? जेमतेम साडेबारा. नवशिक्यांच्या सेटमध्ये वळणाचे रूळ बहुतेक वेळा अठरा इंच त्रिज्येचे असतात. त्यावर वाघीण गुपचूप वळते. लांब डबा मात्र मधून आत झुकतो, टोकांनी बाहेर लोंबतो, आणि कडेला प्लॅटफॉर्म असेल तर त्याला घासतो. माझा पहिला प्लॅटफॉर्म असाच गेला.

दुसरा मुद्दा शंटिंगचा. इंग्लंडमध्ये इंगलनूक नावाचं एक प्रसिद्ध कोडं आहे. तीन सायडिंग, आठ वाघिणी. त्यातल्या पाच वाघिणी चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. गणित केलंत तर ६,७२० वेगवेगळे क्रम निघतात! एका फळीवर आयुष्यभराचा खेळ. पॅसेंजर गाडीत असं काय आहे? आली, थांबली, गेली.

पटलं ना? मलाही पटतं. तरीही माझ्या टेबलावर पॅसेंजरच. का, ते सांगते.

पहिलं कारण लांबीचं. बॉक्सएनचा पूरा रेक साधारण अठ्ठावन्न वाघिणींचा असतो. मॉडेलमध्ये तो सात मीटरच्या वर जातो. मंडळी, माझा फ्लॅट वन बीएचके आहे! मग लोक दहा-बारा वाघिणी लावतात आणि ती गाडी कुणीतरी अर्ध्यातून कापल्यासारखी दिसते. पॅसेंजरचं तसं नाही. पाच डबे आणि एक इंजिन, दीड मीटरमध्ये काम झालं. ब्रांच लाईनवर अशा छोट्या गाड्या खरंच धावायच्या. आणि आपली लाडकी डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, तेव्हा ती सात डब्यांची होती. सात! म्हणजे १९३० ची डेक्कन क्वीन टेबलावर एकही डबा न कापता बसते.

दुसरं कारण, ‘आली, थांबली, गेली’ हे खरं नाही. कर्जत आठवा. वडापाव घ्यायला उतरलेले असता तुम्ही, म्हणून लक्ष जात नाही. त्याच वेळी गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागत असतात. बोरघाटाचा चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, मागून ढकलायला बँकर हवेत. लोणावळ्याला ते सुटतात आणि परत खाली येतात. हे टेबलावर करून बघा. मागचं इंजिन जरा जोरात ढकललं की मधले डबे रुळावरून खाली. मला ते जमायला तीन महिने लागले. याला शंटिंग नाही तर काय म्हणायचं?

तिसरं कारण खिडक्या. या स्केलमध्ये माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. डब्याचं छत उघडायचं, आत एलईडीची पट्टी लावायची, बाकांवर माणसं चिकटवायची. रात्री खोलीतला दिवा बंद केला आणि उजेडाच्या खिडक्यांची ओळ सरकत गेली, की मी दहा वर्षांची होते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे. तिथे पहिल्यांदा अंधार करून गाड्या सोडलेल्या बघितल्या, तेव्हाच मी कामातून गेले.

पण थांबा. ही तिन्ही कारणं खरी असली, तरी नंतर सुचलेली आहेत. खरं कारण मला यंदा दिवाळीत कळलं.

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्याकडे गार्डच. आम्ही दौंडला रेल्वे कॉलनीत राहायचो. ज्यांच्या घरात रनिंग स्टाफ आहे त्यांना माहीत असेल, मालगाडीला प्रवाशासारखं टाईमटेबल नसतं. कॉल आला की निघायचं. रात्री दोनला येवो, नाहीतर ताटावर बसल्यावर येवो. बाबांची लोखंडी पेटी दाराशी तयारच असायची. माझ्या एका वाढदिवसाला केक कापायच्या आधी कॉल आला. जाताना म्हणाले, ‘उद्या येतो.’ आले तिसऱ्या दिवशी.

आणि परत कसे यायचे? कित्येकदा स्पेअर. म्हणजे तिकडे ड्यूटी संपली की साध्या पॅसेंजरमध्ये बसून घरी. मी आणि आई पुण्याहून येणाऱ्या शटलला स्टेशनवर जायचो. बाबा उतरायचे. कधी उतरायचे नाहीत, मग पुढच्या गाडीला पुन्हा जायचो.

तर हिशोब सरळ आहे. मालगाडी बाबांना न्यायची आणि पॅसेंजर आणून सोडायची. मी टेबलावर कुठली गाडी चालवणार?

दिवाळीत बाबा राहायला आले होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली. मी दिवे बंद करून गाडी सोडली. त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, ‘अगं, छान आहे. पण लूपात कोण उभं आहे?’

मी म्हटलं, ‘लूप कुठे आहे बाबा? एकच तर गाडी आहे.’

‘मग तिला रस्ता कोणी दिला?’

मला काही बोलताच येईना. मग तेच सांगत बसले. मेल-एक्सप्रेस पुढे काढायची असली की मालगाडीला लूप लाईनवर घेतात. कधी तासभर, कधी तीन तास. शेवटच्या ब्रेक व्हॅनमध्ये गार्ड एकटा. गाडी पास होताना त्याने उठून उभं राहायचं, तिच्याकडे नीट बघायचं, कुठे धूर नाही ना, काही लोंबत नाही ना, आणि सगळं ठीक असेल तर हिरवा दिवा दाखवायचा. म्हणाले, ‘आत उजेड असायचा, लोक जेवत असायचे. मी दिवा दाखवायचो आणि मनात म्हणायचो, चला, यांची पोरं वाट बघत असतील.’

इतकी वर्षं मला वाटायचं, वाट फक्त आम्ही बघायचो.

आता निकाल सांगते. माझी आवड बदललेली नाही. माझ्या टेबलावर अजूनही पॅसेंजरच धावते. पण मागच्या महिन्यात मी एक लूप टाकला. दोन पॉइंट, मीटरभर रूळ, आठ वाघिणी आणि एक ब्रेक व्हॅन. ती मालगाडी सहसा हलत नाही, उभीच असते. आणि गंमत म्हणजे, शेजारून जाणारी पाच डब्यांची पॅसेंजर आता जास्त वेगात गेल्यासारखी वाटते. उभ्या गाडीशेजारीच धावत्या गाडीचा वेग कळतो, हे कुणी आधी का नाही सांगितलं मला?

तुम्ही सुरू करणार असाल तर माझा सल्ला एवढाच. जागा कमी असेल तर आधी चार-पाच डब्यांची गाडी ठरवा, मग तिच्या डब्याच्या लांबीवरून वळण ठरवा. उलटं करू नका, मी केलंय. आणि पहिल्याच दिवशी एका लूपाची जागा सोडा.

ब्रेक व्हॅनमधला दोन सेंटिमीटरचा गार्ड बाबांनी स्वतः चिकटवला. जरा वाकडा बसलाय. राहू दे.

तुमच्या घरी कुणी रनिंग स्टाफमध्ये होतं का? कुठल्या गाडीची वाट बघायचात तुम्ही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी ऐकवते. तोवर, लोकलमधून उतरताना सांभाळून. भेटूया!