टक्केवारीआड हरवलेली मुले

(खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या पालक-मेळाव्यात झालेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की पारावर एकच प्रश्न निघतो : यंदा किती टक्के? या प्रश्नाची मला आज थोडी फोड करावयाची आहे; कारण लहान गावच्या शाळेपुरता तो अपुरा तर आहेच, पण पुष्कळदा अन्यायाचाही आहे.

समजा, आपल्या शाळेतून १२ मुले परीक्षेस बसली आणि ३ नापास झाली. निकाल ७५ टक्के. पुढील वर्षी १० पैकी एकच नापास झाला. निकाल ९० टक्के. लोक म्हणणार, शाळा सुधारली! वस्तुतः फरक पडला तो दोन मुलांचा. बारांच्या वर्गात परीक्षेच्या दिवशी एकाला ताप भरला, तर निकाल आठ टक्क्यांहून अधिक घसरतो. शहरातील २०० मुलांच्या शाळेत तोच ताप अर्ध्या टक्क्यावर भागतो. म्हणून लहान शाळेचा हिशेब तीन-चार वर्षांचा एकत्र मांडला पाहिजे.

याहून मोठी गफलत निराळीच आहे. टक्केवारीत परीक्षेस बसलेलीच मुले मोजली जातात. आठवीला २० मुले आली आणि दहावीला १२ उरली, तर ती बाराही उत्तीर्ण होऊन निकाल शंभर टक्के लागेल. पण ते आठजण गेले कोठे? कोणी गोव्यास कामाला, कोणी बेळगावच्या फौंड्रीत, एखादी मुलगी सासरी. पुष्पगुच्छ देताना त्यांची आठवण कोणासही होत नाही.

पट घटला की दोष मास्तरांच्या माथी मारणे सोपे असते. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये कर्नाटकात दर स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण १.७ होते, लोकसंख्या टिकावयास ते सुमारे २.१ असावे लागते. म्हणजे मुळात पाळणेच कमी हलत आहेत. त्यात कर्ती कुटुंबे शहराकडे गेली आणि ऐपतदारांची मुले इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली. मागे उरतात ती गरिबांची मुले; आणि मग आपणच विचारतो, निकाल का घसरला?

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावयास सांगते, परंतु प्राथमिक टप्प्यापुरतीच. हायस्कूलला ते कवच नाही. तेथे कलम ३० ने दिलेला संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे खरा. पण तो हक्क चालवावयाचा तर वर्गात मुले हवीत! व्यासपीठावर मराठीचा जयघोष करून घरी परतताना, आपल्या नातवाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. मी स्वतःला त्यातून वगळीत नाही.

माझी मागणी लहानशीच आहे. शाळा समितीने एक वही घालावी. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव तीत लिहावे. मूल आठ दिवस दिसले नाही, तर समितीच्या माणसाने त्याच्या घरी जावे : ओढ्याला पाणी चढल्यामुळे वाट बंद आहे, की बापाने त्याला कामाला लावले, हे पाहावे आणि त्यावर उपाय करावा. याला सरकारी मंजुरी लागत नाही.

पुढील वर्षी मला बोलवाल, तेव्हा निकाल किती टक्के लागला हे मागाहून सांगा. आठवीला आलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती पोचले, ते आधी सांगा.