कुंपण आणि शेत



कुंपणच शेत खाऊ लागलं तर धन्याने दाद मागायची कुणाकडे, असं आपल्याकडे विचारतात. सैन्यावरच्या खर्चाची गोष्ट निघाली की मला हीच म्हण आठवते. देश हे शेत, सैन्य हे कुंपण. सारी मिळकत कुंपणातच गेली, तर आत पेरायचं काय? आणि कुंपण मोडून त्या पैशाचं बियाणं आणलं, तर उभं पीक राखायचं कुणी? एका देशाने हा दुसरा मार्ग धरून पाहिला. त्याची हकीकत आज सांगतो.

मध्य अमेरिकेतला कोस्टारिका हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा. कॉफी आणि केळी पिकवणारा. निवडणुकीच्या निकालावरून १९४८ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथे यादवी झाली आणि होसे फिगेरेस यांचा पक्ष विजयी झाला. हे गृहस्थ मूळचे शेतकरी. १ डिसेंबर १९४८ रोजी सान होसे या राजधानीतल्या लष्करी ठाण्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतः हातोड्याचा घाव घातला आणि सैन्य बरखास्त केल्याचे जाहीर केले. त्या ठाण्यात आज राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. पुढे १९४९ च्या राज्यघटनेने कायमचे सैन्य ठेवायलाच मनाई केली. राहिले ते पोलीस.

हे निव्वळ शांतिप्रेमाने घडले असे मात्र समजू नका. त्या भागात सेनापतींनीच सरकारे उलथून टाकावीत, हा नित्याचा प्रकार. उद्या हेच आपल्यावर येईल, कुंपणच शेत खाईल, ही धास्ती त्यांनाही होतीच.

बरं, मग राखणीचं काय? अमेरिका खंडातल्या राष्ट्रांनी १९४७ साली रिओ येथे करार केला होता की, एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. कोस्टारिकाने त्याचाच आधार घेतला. कसोटीही लगेच लागली. हातोड्याच्या घावाला पंधरवडा झाला नाही तोच निकाराग्वाच्या बाजूने सशस्त्र टोळ्या आत घुसल्या. १९५५ साली पुन्हा तेच. दोन्ही वेळा अमेरिकी राष्ट्रांची संघटना मध्ये पडली. दुसऱ्या वेळी तर अमेरिकेने चार लढाऊ विमाने एकेका डॉलरला विकली! तेव्हा कुंपण नाहीसे झाले नव्हते, ते सामाईक बांधावर गेले होते.

आता पैशाचं पाहू. सैन्याचा वाचलेला पैसा आपल्या पायांनी शाळेत चालत जात नाही. त्याला हात धरून न्यावा लागतो. कोस्टारिकाने शिक्षणाचा वाटा घटनेतच लिहून ठेवला : १९९७ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के, २०११ साली ८ टक्के. इतकं करूनही तो ८ टक्क्यांचा आकडा सरकारांना गाठता आलेला नाही. तिथले सरासरी आयुर्मान ८० वर्षांच्या घरात आहे खरे. पण त्याचे सारे श्रेय त्या हातोड्याला देता येणार नाही. तिथला सामाजिक विमा १९४१ चा, म्हणजे सैन्य असतानाचाच.

मग आपण काय करावं? १९६२ च्या हिवाळ्यात चीनने आपले कुंपण तुडवले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस जावे लागले. ती सरहद्द अजूनही वादातच आहे, आणि आपल्या बांधावर रिओसारखा करार नाही. कोस्टारिकाची नक्कल आपल्याला झेपणारी नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं.

पण म्हणून प्रश्न मिटत नाही. सैन्यावरचा खर्च कमी करा, असं जो म्हणतो त्याला विचारावं : राखण कोण करील? आणि वाचलेला रुपया कोणत्या शाळेच्या, कोणत्या दवाखान्याच्या नावे लिहून ठेवलास? खर्च वाढवा म्हणणाऱ्यालाही विचारावं : या रुपयाने सीमेवरच्या जवानाच्या हाती नेमकं काय पडलं? जवानाचं नाव पुढे करून उधळपट्टी झाली, तर तीही कुंपणाने शेत खाल्ल्यासारखीच.

हे प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये. शेत आपलं आहे. हिशेबही आपणच मागायला हवा.