युनिटमागे ६६ पैसे



मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने हरित विजेचा दर ठरवून दिला. आपल्या घरची सगळी वीज सूर्य, वारा अशा स्रोतांतलीच हवी असेल, तर नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जादा भरायचे, असं तेव्हा ठरलं. त्या दराने दीडशे युनिट जाळणाऱ्या घराला महिन्याला ९९ रुपये. तुमच्या ओळखीत कुणी असा अर्ज केलाय का, आठवून पाहा.

विचारलं तर पुष्कळ जण ‘देऊ की!’ म्हणतात. मग बिल येतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. यात आणखी एक आकार आपणहून कोण लावून घेईल? याला मी कद्रूपणा म्हणणार नाही. शंभर युनिटांच्या वर दर चढतो, म्हणून महिनाअखेर इस्त्रीला हात न लावणारी घरं आहेत. त्यांच्याकडून एक पैसाही जादा मागू नये, हे माझं ठाम मत.

प्रश्न आहे तो दोन-दोन एसी चालवणाऱ्यांचा. ते विचारतात, माझ्या तारेतून वेगळी वीज येणार का? नाही, तारेत सगळी सरमिसळच असते. तुमच्या पैशाचा अर्थ इतकाच, की तुमच्या वापराइतकी हरित वीज कंपनीने विकत घ्यायची. दुसरा प्रश्न अधिक रास्त. डिसेंबर २०२०च्या गुजरातमधल्या लिलावात सौर वीज युनिटमागे १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरली होती. मग जादा कशाला? कारण घराघरांत दिवे-पंखे लागतात त्या वेळी सूर्य मावळलेला असतो. वीज साठवायला खर्च येतो, आणि कोळशाच्या जुन्या करारांचा स्थिर खर्चही चुकत नाही.

कोळशाच्या विजेची पुरती किंमत मात्र कुठल्याच बिलात नसते. २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राशेजारी राहणारे चंद्रपूरकर ती आपल्या श्वासातून चुकवतात. हे मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांना नीट सांगितलं, तर हे जादा पैसे त्यांना जड जाणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. पण पैसे गेले कुठे, हेही कळायला हवं. हरित वीज घेतल्याचं वर्षाकाठी एक प्रमाणपत्र पुरेसं नाही. माझ्या जादा पैशांतून कोणत्या प्रकल्पाची किती युनिटं घेतली, हे दर महिन्याच्या बिलावर सोप्या मराठीत छापा, अशी मागणी आपण ग्राहकांनी वीज कंपन्यांकडे लावून धरली पाहिजे.