निवृत्तीनंतरची कामगिरी

पोलिसखात्यांतला वरिष्ठ अधिकारी निवृत्त झाला, म्हणजे समाज त्याला दोनच गोष्टींवरून ओळखूं लागतो. एक, त्यानें पकडलेल्या दरोडेखोरांच्या कथा. आणि दुसरी, पेन्शनीच्या दिवसांत तो ज्या आरामखुर्चीत बसतो ती आरामखुर्ची. खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांच्या चरित्रांत पहिल्या प्रकारच्या कथांना तोटा नाहीं. परंतु त्यांचें नांव ज्या कामासाठीं मुख्यतः स्मरणांत राहावें, तें काम त्यांनीं अंगावरचा गणवेष उतरल्यानंतर केलें. आणि तेंहि बंदुकीनें नव्हे, तर लेखणीनें.

रुस्तमजींचा जन्म २२ मे १९१६ रोजीं नागपूरजवळच्या कामठी या छावणीच्या गांवीं, एका पारशी कुटुंबांत झाला. १९३८ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलिसखात्यांत दाखल झाले. त्या काळीं पोलिस म्हणजे परक्या सरकारचा लांब हात, अशीच लोकांची भावना होती, आणि ती निराधार नव्हती. नऊ वर्षांनीं राज्य बदललें. गणवेष मात्र तोच राहिला. ज्या हातानें काल सत्याग्रही पकडला, त्याच हातानें आज त्याला सलाम करावयाचा, हा पालट ज्या पिढीच्या वांट्यास आला, त्या पिढींतले रुस्तमजी होते. पोलिस हा नेमका कोणाचा चाकर, राज्यकर्त्याचा कीं कायद्याचा, हा प्रश्न अशा माणसापुढें आपोआपच उभा राहतो.

१९५२ पासून १९५८ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरूंच्या संरक्षणाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे होती. काम नांवाला मानाचें, पण करणाऱ्याची झोंप उडविणारें. नेहरूंना गर्दीची ओढ आणि पहाऱ्याचा तिटकारा! माणसें दिसलीं कीं ते मोटारींतून उतरून त्यांच्यांत मिसळत. १९५५ च्या मार्च महिन्यांत खुद्द नागपुरांत एक रिक्षावाला सुरा घेऊन त्यांच्या उघड्या मोटारीवर चढला होता. नेहरूंना इजा झाली नाहीं, आणि त्यांनीं त्या प्रकाराचें स्तोमहि माजूं दिलें नाहीं. ज्याला संरक्षण नको आहे त्याचें संरक्षण करणें, आणि तें त्याला जाचूं न देणें, ही या नोकरीची परीक्षा होती. त्या सहा वर्षांत रुस्तमजी नेमानें रोजनिशी लिहीत. तिच्यांतला भाग त्यांच्या पश्चात् २००६ सालीं इंग्रजी पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला.

१९५८ सालीं ते मध्यप्रदेशाचे पोलिसप्रमुख झाले आणि चंबळेच्या दऱ्याखोऱ्यांशीं त्यांची गांठ पडली. माणसांचीं नाकें कापून दहशत बसविणारा गब्बरसिंग १३ नोव्हेंबर १९५९ रोजीं पोलिसांशीं झालेल्या चकमकींत मारला गेला. पुढें १९७५ सालच्या ‘शोले’ या बोलपटानें तें नांव घरोघर पोंचविलें. त्याचा बंदोबस्त करणाऱ्या शिपायांचीं नांवें मात्र कोणाच्या ओठीं आलीं नाहींत. १९६० सालीं विनोबाजी भावे त्याच मुलुखांतून पायीं फिरले आणि कांहीं दरोडेखोरांनीं त्यांच्यापुढें शस्त्रें ठेवलीं. देशभर धन्यता वाटली. रुस्तमजींनीं मात्र उघडपणें नाराजी व्यक्त केली. दरोडेखोराचें हृदय पालटलें तर आनंदच आहे. पण ज्यांचीं घरें त्यानें उध्वस्त केलीं त्यांचें काय, आणि त्याच्याशीं झुंजतांना जे शिपाई पडले त्यांच्या बायकामुलांनीं या सोहळ्याकडे कोणत्या डोळ्यांनीं पाहावें, हा प्रश्न अशा प्रसंगीं उरतोच. कामठीचा पोलिस आणि पवनारचा संत, दोघेहि एकाच मुलुखांतले. आणि दोघांच्याहि म्हणण्यांत सत्याचा अंश होता.

१९६५ च्या एप्रिलांत पाकिस्तानी फौजेनें कच्छच्या रणांतील चौक्यांवर हल्ला केला, आणि सरहद्दीचें रक्षण निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांवर सोंपविणें पुरेसें नाहीं, हें कळून चुकलें. त्यांतून १ डिसेंबर १९६५ रोजीं सीमा सुरक्षा दल उभें राहिलें. त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येऊं लागले, तेव्हां त्यांना प्रथम सामोरें गेलें तें हेंच दल. मुक्तिवाहिनीच्या पहिल्या उभारणींतहि या दलाचा हात होता. १९७२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें, आणि १९७४ सालीं ते दलाच्या प्रमुखपदावरून उतरले. येथें सामान्य चरित्र संपलें असतें.

१९७७ सालीं भारत सरकारनें धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय पोलिस आयोग नेमला आणि रुस्तमजी त्याचे सभासद झाले. या आयोगाचा १९७९ सालचा पहिला अहवाल वरिष्ठांपासून नव्हे, तर साध्या शिपायापासून सुरू होतो. शिपायाचा पगार, त्याच्या कामाचे तास, त्याच्या बिऱ्हाडाची सोय, त्याची दाद लागण्याचा मार्ग, असे त्याचे विषय आहेत. साहेबाच्या बंगल्यावर शिपायानें घरगडी म्हणून राबावें, ही ऑर्डर्लीची जुनी चाल बंद करावी, असेंहि त्यांत सुचविलें आहे. ज्याला स्वतःच्या मुलांचें तोंड जागेपणीं पाहावयास मिळत नाहीं, तो चौकीवर आलेल्या दुसऱ्याच्या मुलाशीं ममतेनें वागेल ही अपेक्षा कशी करावी? संसारी माणसालाच सुचावें असें हें शहाणपण आहे.

आयोगाच्या कामानिमित्त रुस्तमजींनीं बिहारमधील तुरुंग पाहिले. तेथें त्यांना जे कैदी भेटले, त्यांतल्या बहुतेकांवर कोणताहि गुन्हा शाबीत झालेला नव्हता. खटला केव्हां चालेल याचा पत्ता नाहीं, जामिनास पैसा नाहीं, वकील नाहीं. कांहींजण तर असे, कीं आरोप खरा ठरला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ ते आंत होते. कांहीं स्त्रियांवर आरोपच नव्हता. त्या साक्षीदार होत्या, किंवा अत्याचाराला बळी पडलेल्या होत्या, आणि ‘संरक्षणासाठीं’ त्यांना तुरुंगांत ठेवलें होतें!

अहवालांत चार ओळी लिहून स्वस्थ बसतां आलें असतें. रुस्तमजींनीं तसें केलें नाहीं. ८ व ९ जानेवारी १९७९ रोजीं ‘इंडियन एक्सप्रेस’मध्यें त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. या लेखांचें मोल त्यांतल्या माहितीइतकेंच लेखकाच्या स्थानांत होतें. कैदी वर्षानुवर्षें खितपत पडतो त्यांत कोर्टाचा दोष असतो, तसा तपास रेंगाळत ठेवणाऱ्या पोलिसांचाहि असतो. ज्या घराचें मीठ छत्तीस वर्षें खाल्लें, त्याच घरांतला अंधार त्यांनीं चव्हाट्यावर मांडला. परक्यानें केलेला आरोप झटकतां येतो. घरच्यानें वाचलेला पाढा झटकतां येत नाहीं.

ते लेख कपिला हिंगोरानी या वकीलबाईंच्या वाचनांत आले. त्यांनीं त्यांच्याच आधारें सर्वोच्च न्यायालयांत अर्ज दाखल केला. हुसैनआरा खातून या कैदी स्त्रीच्या नांवानें तो खटला ओळखला जातो. न्यायमूर्ति भगवती यांनीं निर्णय दिला, कीं खटला लवकर चालणें हा घटनेच्या एकविसाव्या कलमानें दिलेल्या जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि गरिबाला वकील मिळणें हेंहि त्यांतच येतें. सुमारें चाळीस हजार कैद्यांची सुटका या खटल्यामुळें झाली, असें सांगतात. त्रयस्थ नागरिकानें दुबळ्याच्या वतीनें न्यायालयाचें दार ठोठावावें, या लोकहिताच्या अर्जांच्या प्रथेचा पायाहि येथेंच घातला गेला.

या विजयानें प्रश्न मिटला, असें मात्र कोणी समजूं नये. सरकारी आंकडेवारीप्रमाणें २०२२ सालअखेर देशांतील दर चार कैद्यांमागें सुमारें तीन कच्चे कैदी होते. पोलिस आयोगाच्या शिफारशीहि दीर्घकाळ दप्तरांत पडून राहिल्या. त्यांतल्या कांहींचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानें राज्यांना आदेश दिले, तेव्हां २००६ साल उजाडलें होतें.

रुस्तमजींना १९९१ सालीं पद्मविभूषण मिळालें. २००३ सालीं ते निवर्तले. सीमा सुरक्षा दल दर वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवतें. पोलिसानें किती माणसें आंत घातलीं याचा हिशेब ठाण्याच्या दप्तरांत राहतो. किती माणसें त्याच्यामुळें आपल्या घरीं परतलीं, याची नोंद ठेवणारें दप्तर नसतें. ती ठेवली असेल तर कोठें दूर बिहारच्या खेड्यांत, वर्षानुवर्षें बंद असलेलें दार ज्यांनीं एका सकाळीं उघडलें, त्या कुटुंबांनीं. आणि त्यांतल्या कित्येकांना रुस्तमजी हें नांवहि कधीं कळलें नसेल.