ठेवलेली गाडी आणि टाकलेली गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ज्येष्ठांनी दोन शब्द बोलावेत, असा कमिटीचा आग्रह. विषय कोणता, असे विचारले तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्या गाडीवर बोला. पोरं तिच्याविषयीच विचारतात." म्हणून आज पार्किंगमधल्या त्या पांढऱ्या प्रीमियर पद्मिनीवर बोलणार आहे. आणि तिच्या निमित्ताने पावसाळ्यात गाडी उभी कशी करून ठेवावी, हेही सांगणार आहे. हे ज्ञान मी फुकट मिळवलेले नाही, पैसे भरून मिळवले आहे. त्यामुळे तुम्ही फुकट घ्या.

गाडी १९८६ सालची. बँकेच्या कर्जावर घेतली, हप्ता पगारातून कापला जायचा. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळची फियाट, १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरची दांडी स्टिअरिंगपाशी, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. हे ड्रम ब्रेक लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

सोसायटी झाली तेव्हा इथे चारचाकी एकच होती. पुणे-नाशिक हायवेवर रात्री वाहन मिळायचे नाही. त्यामुळे कुणाला नारायणगावला सोडायचे, कुणाला मंचरला दवाखान्यात न्यायचे, तर आमच्या दाराची कडी वाजायची. २००१ च्या श्रावणात रात्री दीड वाजता एका वहिनींना घेऊन निघालो. पाऊस असा, की वायपर असून नसल्यासारखा. घोडनदीचा पूल ओलांडेपर्यंत मी देवाचे नाव घेत होतो, मागच्या सीटवर आमच्या सौ. त्यांचा हात धरून बसल्या होत्या. पहाटे मुलगी झाली. ती आज इथेच बसली आहे. नाव सांगत नाही, ती लाजेल. तिचा उल्लेख शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मुद्द्यावर येतो.

मी खजिनदार असताना पार्किंगमध्ये दोन-तीन गाड्या वर्षानुवर्षे पडून होत्या. टायर बसलेले, आत मांजरांची बाळंतपणं. तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला: जे वाहन नव्वद दिवस जागचे हलले नाही, ते मालकाने पंधरा दिवसांत सोसायटीबाहेर न्यावे. नव्वदच का? तर बँकेची सवय. कर्जाचा हप्ता नव्वद दिवस थकला की आम्ही ते खाते एनपीए धरायचो. तोच आकडा डोक्यात बसलेला. ठराव एकमताने मंजूर झाला आणि माझी मलाच शाबासकी वाटली.

पुढे २०१९ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे कॅनडाला गेलो. निघायच्या घाईत गाडी पार्किंगच्या कडेच्या जागेत लावली, हँडब्रेक कचकन ओढला, वरून निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घालून सुतळीने गच्च बांधली आणि निश्चिंत झालो. त्या वर्षी पाऊस किती लांबला, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. ऑक्टोबर संपला तरी पाणी थांबेना.

तिकडे मात्र एक गंमत पाहिली. मुलाच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, माझ्याच वयाचे. त्यांच्याकडे जुनी गाडी. ऑक्टोबरअखेर ते दोन दिवस त्या गाडीमागे लागले होते. ऑइल बदललं, टायरमध्ये हवा भरली, बॅटरी काढून घरात नेली. विचारलं तर म्हणाले, इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा खातो. म्हणून जुनी गाडी वसंतापर्यंत बाहेर काढायची नाही. मी मनात म्हटलं, केवढा खटाटोप! आपली गाडी बघा, ताडपत्री घातली की झालं.

नोव्हेंबरच्या मध्याला परत आलो. ताडपत्रीवर सोसायटीची नोटीस चिकटवलेली. मजकूर ओळखीचा वाटला, कारण तो माझाच होता! सौ. म्हणाल्या, "नियम तुमचाच आहे. आता पाळा."

ताडपत्री काढली आणि खरं सांगतो, पोटात कालवलं. बाहेरून एक थेंब आत गेला नव्हता, पण जमिनीतला ओलावा वर चढून प्लॅस्टिकखाली कोंडला होता. छताला आतून दव धरलं होतं. सीटवर पांढरी बुरशी. पायाखालचा गालिचा भिजलेला आणि त्याच्याखाली पत्रा गंजलेला. बॅटरी मेलेली, चारही टायर बसलेले. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरपाशी उंदरांनी सीट कुरतडून घरटं केलेलं. आजूबाजूला उसाची शेतं, पावसाने बिळं भरली की उंदीर कोरडी जागा शोधणारच. हवा भरून ढकलायला गेलो तर मागची चाकं फिरेनात. हँडब्रेक ओढलेला असल्याने ब्रेक शू ओलाव्याने ड्रमला धरून बसले होते.

भंगारवाला आला आणि अठरा हजार म्हणाला. मिस्त्री आला आणि बत्तीस हजार चारशेचा अंदाज दिला. जो माणूस आयुष्यभर लोकांना सांगत आला, की बुडीत खात्यात आणखी पैसे घालू नका, त्याची ही परीक्षा होती. कमिटीपुढे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. पंधराऐवजी साठ दिवस मागितले. बँकेत आम्ही ज्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतो, तशी. कमिटीने मोठ्या मनाने दिले. त्या रात्रीची आठवण त्यांच्यापैकी दोघांना होती, एवढंच सांगतो.

अठ्ठावन्नाव्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत आली. त्या दोन महिन्यांत मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेतली. तीच वही आज थोडक्यात वाचतो. आपला मुक्कामाचा काळ तिकडच्यासारखा हिवाळा नाही, मृगापासून दसऱ्यापर्यंतचा पावसाळा आहे.

पहिली गोष्ट, धुणं. मृगाच्या आधी गाडी खालून धुवायची. मडगार्डच्या आत चिखल साचतो आणि तोच ओलावा धरून ठेवतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करायची. मग दोन दिवस कडक उन्हात सगळी दारं उघडी ठेवून वाळवायची. गालिचे काढून घरात ठेवायचे.

दुसरी, ऑइल. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, तो चार महिने इंजिनच्या आत बसू द्यायचा नाही. म्हणून ऑइल गाडी ठेवण्याआधी बदलायचं, काढताना नव्हे. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचं.

तिसरी, हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना पुढे-मागे लाकडी गुटके लावायचे. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा जास्त भरायची, म्हणजे एका जागी उभं राहून ते चपटे होत नाहीत.

चौथी, बॅटरी. निगेटिव्हची वायर आधी सोडवायची. बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा चार्ज करायची. मीटर लावल्यावर साडेबारा व्होल्टच्या वर दिसलं म्हणजे तब्येत ठीक.

पाचवी, पेट्रोल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं म्हणा ना. शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे, पण इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या खराब करतं. म्हणून त्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या आणि पेट्रोल महिनोन् महिने तसंच ठेवू नका.

सहावी, झाकण. प्लॅस्टिकची ताडपत्री अंगाला लावायचीच नाही. सुती कापडाचं कव्हर घालायचं, म्हणजे हवा खेळते. खाली फरशी ओली राहत असेल तर ताडपत्री गाडीखाली अंथरा, तिची जागा तिथे आहे. काचा बोटभर उघड्या ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. मी एकदा बोळा विसरलो होतो, सगळी पोरं हसली होती. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडायचं. उंदराला शांतता आवडते, ती त्याला मिळू द्यायची नाही.

सातवी सगळ्यात महत्त्वाची, कारण ही चूक आपल्यापैकी पुष्कळजण नव्या गाड्यांच्या बाबतीतही करतात. रविवारी खाली यायचं, जागेवरच पाच मिनिटं गाडी चालू करायची, दोनदा घुर्रघुर्र करायची आणि बंद. यात समाधान असतं, फायदा नसतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सायलेन्सर पुरता तापला नाही तर ते पाणी आतच राहतं आणि आतून गंजवतं. त्यामुळे पंधरा दिवसांनी उघडीप बघून अर्धा तास रस्त्यावर नेऊन आणायची, नाहीतर बॅटरी सोडवून चालूच करायची नाही. मधलं काही नको. आणि शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू करू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

वही लिहून झाली आणि दोन-अडीच महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, लॉकडाउन लागलं. आपल्या सगळ्यांच्याच गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मे महिन्यात कुणाची बॅटरी बसली, कुणाचा ब्रेक धरला, कुणाच्या नव्याकोऱ्या गाडीची वायर उंदराने खाल्ली. जिन्यातून एकेक हाक यायला लागली, "काका, ती वही आहे का?" नव्वद दिवसांचा नियम लावला असता तर अख्खी सोसायटी एनपीए झाली असती!

लॉकडाउननंतरच्या सभेत मीच माझ्या ठरावाला दुरुस्ती सुचवली. वाहन हलतं का, एवढंच बघायचं नाही. मालकाने एक साधा फॉर्म भरायचा: विमा चालू आहे, नोंदणीची मुदत आहे, टायरमध्ये हवा आहे, खाली ऑइल गळत नाही, आणि मालक गावाला गेला तर किल्ली कुणाकडे आहे. हे असेल तर ती ठेवलेली गाडी. नसेल तर ती टाकलेली गाडी, तिला नोटीस. दोन्ही गाड्या लांबून सारख्याच दिसतात, दोन्हींवर धूळ असते. फरक एवढाच, की एकीची कुणीतरी विचारपूस करत असतं.

कागदपत्रांचंही सांगतो. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ज्याला आपण पासिंग म्हणतो. त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. आमचं पुढचं पासिंग २०२६ ला आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना केंद्र सरकारने २०२१ पासून 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची गाडी २०३६ ला पन्नाशीची होईल. मी तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे असेन किंवा नसेन. मुलगा तिकडे रमला आहे, गाडी त्याच्याकडे जाणार नाही. हा विचार रात्री कधी कधी येतो, लपवत नाही.

पण फॉर्ममधला शेवटचा रकाना मी रिकामा ठेवलेला नाही. गेली तीन वर्षं आम्ही मुलाकडे गेलो, की पंधरा दिवसांनी एक मुलगी उघडीप बघून सुती कव्हर काढते, बॅटरी जोडते, गाडी एकलहऱ्याच्या बाजूला पुलापर्यंत नेते, परत आणते आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि सही टाकते. स्टिअरिंगपाशी गिअर असलेली गाडी शिकायला तिला आठ दिवस लागले. माझा एक गुटका तिने चिरडला, तो हिशेब अजून बाकी आहे. ही मुलगी तीच, श्रावणातल्या त्या रात्रीची. गाडीची दुसरी किल्ली तिच्या घरी देवघराशेजारच्या खिळ्याला असते.

येत्या दसऱ्याला नेहमीप्रमाणे गाडी बाहेर काढू, झेंडूचा हार घालू. ज्या मुलांना फेरी मारायची असेल त्यांनी सकाळी आंघोळ करून, पायाचा चिखल पुसून यावं. एका वेळी चारजण, नंबर लावून.