कवी कोण, शाहीर कोण?
(नागसेनवनात केलेले भाषण)



कवीला शब्दकोशात प्रतिशब्द भरपूर. काव्यकार, शायर, शाहीर, गीतकार. सगळे मांडीला मांडी लावून बसलेले. कोशाबाहेर मात्र पंगती वेगळ्या.

वामनदादा कर्डक. जन्म 1922, देशवंडी, तालुका सिन्नर. जन्मभर खेडोपाडी बाबासाहेब गायले. त्यांना म्हणतात लोककवी. ठीक, मानाचा शब्द आहे. मग मर्ढेकरांमागे 'लोक' का नाही? ते कुणाचे कवी? अण्णाभाऊ शाहीर, भीमराव कर्डक जलसाकार, चोखोबा संत. 1972 ला 'गोलपिठा' आला तेव्हा नामदेवला कवी म्हणावंच लागलं, पण पुढे 'दलित' चिकटवून.

अन् गंमत बघा. शाहीर हा अरबी 'शाइर'चाच मराठी अवतार. शाइर म्हणजे कवी! अठराव्या शतकात याच शहरात सिराज औरंगाबादी होऊन गेले. त्यांना शायर म्हणताना कुणाचा आवाज खाली येत नाही. तोच शब्द डफ घेऊन वस्तीत आला, की त्याला जमिनीवर बसवतात.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. आपल्याच कविसंमेलनात कवी खुर्चीवर, आणि गाणारा कवी गर्दी जमेपर्यंत माईकवर. गर्दी जमली, की 'दादा, आता आटपा.' हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अन् गप्प बसलोय.

आता पुढची पत्रिका छापाल तेव्हा सगळ्यांची नावं 'कवी'खाली छापा. नाहीतर सगळ्यांची 'शाहीर'खाली. मला दोन्ही चालेल.